मातृदिनी डुफीने विचारलेला प्रश्न

आम्स्टरडॅम,
बुधवार, १५ मे २०१९

प्रिय पोकुआ मावशी,

तुला आणि घरातल्या सगळ्या लहानथोरांना सेरवाचा नमस्कार. देवाच्या दयेने आई, मी आणि धाकटी डुफी, आम्ही तिघी बऱ्या आहोत. तुझा गुडघा काय म्हणतोय? आँटी फ्रेमा सांगत होती की तू आता काठी घेऊन चर्चला जातेस, आणि कुणी हात द्यायला आलं की त्यालाच दटावतेस. ऐकून बरं वाटलं. म्हणजे तू आहेस तशीच आहेस.

फोन असताना ही पोरगी पत्रं कसली लिहितेय, असं तू म्हणशील. पण तू आवाजी निरोप ओसरीवर बसून मोठ्याने लावतेस. मागच्या वेळी माझ्या पोटदुखीची चौकशी कोपऱ्यावर केंकेचे उंडे विकणाऱ्या बाईनेसुद्धा केली होती. हे पत्र तू एकटीने वाचावंस म्हणून लिहितेय. आँटी फ्रेमा शुक्रवारी तुमच्याकडे कुमासीला निघते आहे, तिच्याजवळ देईन.

माझ्या नोकरीचं चांगलं चाललंय. शाळेने मला पुढच्या वर्षीसाठी पक्का वर्ग दिला आहे. आई ही बातमी भेटेल त्याला सांगते. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही तिने सांगितलं की आमच्या घरातली पहिली पदवीधर, ती ही. मी खिडकीबाहेर बघत बसले.

चर्चची जागा अजून तीच आहे, मेट्रोच्या पुलाशेजारचं जुनं फर्निचरचं गोदाम. मोठी माणसं पुढच्या सभागृहात आपल्या ट्वी भाषेत उपासना करतात आणि मी मुलांचा रविवारचा वर्ग मागच्या खोलीत घेते, जिथे भाताची पातेली आणि खुर्च्यांची चळत असते. माझ्या वर्गातल्या मुलांना बायबल म्हटलं की जोलोफ भाताचा वास येत असणार. ती सगळी घरी-दारी डच बोलतात. ट्वी कानावर पडते तेवढीच. तरीही वचनं ट्वीत अशी खाडखाड म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ही पोरं कालच कुमासीहून उतरली आहेत.

जानेवारीत मी एका मुलाला विचारलं, तू दोन वर्षं 'परमेश्वर माझा मेंढपाळ' म्हणतोयस, मेंढपाळ म्हणजे कोण रे? तो म्हणाला, "रॉटरडॅमच्या शाखेतले एल्डर."

त्या दिवशी मी ठरवलं की असं चालणार नाही. नवा नियम केला. वचन पाठ करण्याआधी ते आपल्या शब्दांत डचमध्ये सांगायचं, आणि मग त्या वचनाला एक प्रश्न विचारायचा. काहीही विचारा, पण खरा विचारा. मावशी, तू पाहायला हवं होतंस. जी मुलं उपासना संपायची वाट बघत पाय हलवत बसायची, ती आता मी येण्याआधी खुर्च्या मांडून बसलेली असतात.

मुलांच्या विभागाचे प्रमुख एल्डर ग्यामफी, तुला आठवत असतील, उंच, जुन्या सुटातले. त्यांना हे पसंत नाही. "सेरवा, प्रश्नांना शाळा आहे ना," ते म्हणाले. "इथे उत्तरं द्यायची. आधी वचन तोंडात बसू दे, अर्थ आपोआप खाली उतरेल." मी पास्टरांकडे गेले. पास्टर म्हणाले, मातृदिनापर्यंत करून बघा.

आता मातृदिनाचं सांगते. फ्रेमाकडून तुला कळलंच असेल, पण तिच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

सगळ्या आया पांढरी वस्त्रं नेसून पुढच्या दोन रांगांत बसल्या होत्या. आई पहाटे ऑफिसांची सफाई उरकून थेट आली होती, पण तिने डोक्याचं कापड असं ताठ बांधलं होतं की ही बाई चारपासून उभी आहे असं कुणी म्हणू नये. मुलांनी एकेक करून वचनं म्हटली. शेवटी डुफी. तिला आईबापांचा मान राखण्याची आज्ञा दिली होती. तिने ती ट्वीत इतकी स्वच्छ म्हटली की बायका उठून पांढरे रुमाल हलवायला लागल्या. आईचा रुमाल सगळ्यांत उंच होता.

मग माइक परत द्यायचा तर डुफी तशीच उभी. "माझा वचनाला एक प्रश्न आहे," ती डचमध्ये म्हणाली. "आईचा मान राखायचा ते कळलं. पण मी उठते तेव्हा आई गेलेली असते आणि मी झोपते तेव्हा ती आलेली नसते. मग मान नेमका कधी राखायचा?"

मागच्या रांगेतली तरुण मुलं हसली. पुढच्या म्हाताऱ्यांना डच कळत नाही. "काय म्हणाली? काय म्हणाली गं पोर?" सुरू झालं. एल्डर ग्यामफींना वाटलं, लेकीने आईचं कौतुक केलं असणार आणि ते सगळ्यांपर्यंत पोचायला हवं. त्यांनी दुसरा माइक घेतला आणि शब्दन् शब्द ट्वीत सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं. पण वाक्य अर्धवट सोडणाऱ्यांतले ते नव्हेत. त्यांनी ते शेवटपर्यंत नेलं.

कुणी हसलं नाही. आई उठली नाही, रडली नाही. रुमाल हातात धरून समोर बघत राहिली.

नंतर जेवणाच्या रांगेत एकजण म्हणाली, "जीभ लांब झालीय हो पोरीची." दुसरी म्हणाली, "कुमासीला धाडा, दोन वर्षांत आखूड होते जीभ." एल्डर ग्यामफींनी त्याच दुपारी माझ्या वर्गातले प्रश्न बंद केले. आता फक्त पाठांतर.

काल घरी आई एकदम म्हणाली, डुफीची मापं घेऊन ठेव, तुझी मावशी तिच्यासाठी काही शिवून घेणार आहे. मी टेप शोधला नाही अजून.

तुला एक विचारायचं होतं. पण फ्रेमाआँटी खाली येऊन बेल वाजवते आहे. आज सामानाचं वजन करायला तिला माझी मदत हवी आहे, आणि ती एकदा वर आली की पत्र वाचल्याशिवाय जायची नाही.

तुझी,
सेरवा


आम्स्टरडॅम,
गुरुवार, ३० मे २०१९

प्रिय पोकुआ मावशी,

नमस्कार. आज स्वर्गारोहणाची सुट्टी आहे. आई तरीही कामाला गेली आहे, ऑफिसं बंद असली तरी हॉटेलांच्या सफाईला सुट्टी नसते. डुफी शेजारच्या खोलीत अभ्यास करतेय, म्हणजे गाणी ऐकतेय. पास्टरांचे मेहुणे शनिवारी येताहेत तिकडे. पाकीट चिकटवून देईन.

जे विचारायचं होतं ते आता विचारायची गरज उरली नाही. रविवारी सकाळी तुझा आवाजी निरोप आला आणि आईने स्वयंपाकघरात फोनचा आवाज कमी न करताच लावला. "खोली झाडून ठेवलीय. शाळेत नाव घातलंय. मापं लवकर पाठव गं, शाळा उघडायच्या तोंडावर शिंपी कुणाच्या बापाचं ऐकत नाही." डुफी तेव्हा आंघोळ करत होती. मी नव्हते करत.

"तिला काय सांगितलंयस?" मी आईला विचारलं.

"मावशीकडे सुट्टी. जुलैत तीन आठवडे."

"आणि तीन आठवड्यांनी?"

"तीन आठवड्यांत ती रुळेल. पोरं रुळतात. तू नाही रुळलीस?"

मी म्हटलं, प्रश्न मी शिकवला, शिक्षा तिला का?

आई म्हणाली, "शिक्षा? शिक्षा म्हणतेस? तुला पाठवलं म्हणून तू आज पदवीधर झालीस. इथल्या रस्त्यावर वाढली असतीस तर काय झाली असतीस, बघ जरा खाली उतरून. चर्चमध्ये लोक तुझं नाव घेऊन आपली मुलं पाठवतात, ठाऊक आहे तुला?"

ते मला ठाऊक नव्हतं. मी चौकशी केली. खरं आहे. या उन्हाळ्यात आणखी दोन घरांतून मुलं जाणार आहेत आणि दोन्ही घरांत सेरवाचा दाखला दिला गेला आहे. त्यातलं एक माझ्या वर्गातलं आहे. त्यालाही सुट्टीच सांगितली आहे.

मावशी, आता जे लिहिते आहे ते मी तुझ्याशी कधीच बोलले नाही. तुझ्या घरात सात वर्षं राहून बोलले नाही, आणि इथे येऊन अकरा वर्षं झाली तरी बोलले नाही.

मी सात वर्षांची होते. आईने मला विमानतळावर एका ओळखीच्या बाईच्या हवाली केलं, माझ्या केसांना नवे मणी लावले होते, आणि म्हणाली, "तू पुढे हो, मी पुढच्या आठवड्यात येते." मी खूश होते. पहिल्या संध्याकाळी तुझ्याकडे अंगण भरून मुलं होती, मला केळ्याचे तळलेले काप दिलेस, आणि मी हात धुवायला आत आले तेव्हा दारामागे खिळ्याला एक गणवेश टांगलेला होता. तपकिरी-पिवळा, कोरा. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा असेल. सोमवारी तू तो माझ्या अंगात घातलास आणि तो मला बरोबर बसला.

दर रविवारी चर्चहून येताना मी तुला विचारायची, आई कधी येणार. तू म्हणायचीस, पुढच्या आठवड्यात. तू माझा हात धरलेला असायचा आणि ते म्हणताना तुझी पकड घट्ट व्हायची. नंतर एका रविवारी मी विचारलं नाही. त्या दिवशी तू मला मिठाचे शेंगदाणे घेऊन दिलेस. तुला वाटलं, हिला कळलं. मला काही कळलं नव्हतं. मी फक्त वाट बघायचं थांबवलं होतं.

तू मला वाईट वागवलंस असं मी म्हणत नाही. म्हणूच शकत नाही. तापात तू माझ्याजवळ जमिनीवर झोपलीस. वाचायला, प्रार्थना करायला, रागावून न बोलता राग सांगायला तूच शिकवलंस. तू मारलं असतंस, उपाशी ठेवलं असतंस तर हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं. तू इतकी चांगली होतीस की आईची जागा रिकामी राहिली नाही. तीच तर गोष्ट आहे.

आणि पदवीचं म्हणशील, तर मी इथे परत आले तेव्हा माझी डच पूर्ण गेली होती. चौदा वर्षांच्या मुलीला त्यांनी लहान मुलांबरोबर चित्रांखाली शब्द लिहायला बसवलं. जी मुलं कधी कुठे गेली नाहीत, ती सहज चढली त्या पायऱ्या मी एकेक करून उशिरा चढले. मी शिकले ती पाठवल्यामुळे नाही, पाठवलेलं भरून काढता काढता शिकले. आईला हे कधी सांगितलं नाही. तिच्याकडे अभिमानाचं तेवढंच एक लुगडं आहे, ते मी कसं ओढू?

पण डुफीसाठी ओढेन.

तू थोरली आहेस. तू नको म्हणालीस तर आई तुझा शब्द मोडणार नाही. मी तुला तेवढंच मागते आहे, की तू नको म्हण. आणि मी तुझ्यापासून लपवत नाही, तू हो म्हणालीस तरी मी थांबणार नाही. मापं मी घेतलेली नाहीत आणि घेणार नाही. डुफीला मी अजून सांगितलेलं नाही, कारण ते आईने सांगायला हवं, आणि आईने ते सांगावं यासाठी काय करायचं ते मी शोधते आहे.

उत्तराची वाट बघणारी, पण हात बांधून न बसणारी,
सेरवा


आम्स्टरडॅम,
सोमवार, १७ जून २०१९

प्रिय पोकुआ मावशी,

नमस्कार. तुझ्याकडून पत्र नाही, निरोप नाही. पण मागच्या मंगळवारी तू आईला फोन केलास एवढं मला कळलं. काय बोललीस ते तिने सांगितलं नाही. फक्त नंतर दोन दिवस तिने तुझं नाव काढलं नाही आणि डुफीच्या मापांचंही नाही. तू काय बोलली असशील याचा मी खूप विचार केला. विचारणार नाही. ते तुम्हा बहिणींचं आहे.

काल इथे सगळं झालं. क्रमाने सांगते.

आईशी तोंडाला तोंड देऊन हा विषय काढायचा नाही, हे मला कळत होतं. मी मोठ्याने बोलले असते की ती म्हणाली असती, पदवी घेतली म्हणून आईला शिकवतेस. मग तू केलं असतंस तेच मी करायचं ठरवलं. आपल्या रीतीप्रमाणे माझ्या वतीने बोलणारं कुणीतरी मोठं माणूस शोधायचं. मी एल्डर ग्यामफींकडे गेले.

त्यांची शहराबाहेर बागेची छोटी पट्टी आहे, प्लास्टिकखाली भेंडी आणि पांढरी वांगी लावलीत. ते वाकून तण काढत होते. मी म्हटलं, माझ्या आईसमोर माझं तोंड व्हाल का?

"आणि तुझं काय झालं? पास्टरांकडे माझी तक्रार करताना तर चांगलं चालत होतं."

"तेच कमी पडतंय म्हणून आले."

त्यांनी पाठ सरळ केली. "हे बघ, माझं मत तुझ्या आईच्या बाजूचं आहे. मुलांना आपली माती लागलीच पाहिजे. प्रश्न विचारून विचारून हे असं होतं."

"तुमचं मत मला नको, तुमचा आवाज हवाय. मातृदिनी तुम्ही डुफीचं वाक्य मनात नसताना शेवटपर्यंत सांगितलंत. तसंच माझंही सांगा."

त्यांनी दोन-चार वांगी तोडली. मग मला म्हणाले, वांगी घेऊन जा, आणि रविवारी उपासनेनंतर येतो.

काल ते आले. जुना सूट, हातात टोपी. आईने पाणी दिलं. ते प्यायले, आणि मग रीतीप्रमाणे आईने येण्याचं कारण विचारलं, जसं काही ते कुमासीहून चालत आले होते. आमचं स्वयंपाकघर केवढं तुला माहीत नाही. टेबलाला तीन खुर्च्या. आई आणि मी कोपराला कोपर लावून बसलेल्या, आणि मी एल्डरांना सांगणार, एल्डर तिला सांगणार.

मी म्हटलं, "आईला सांगा, डुफीला खोटं सांगू नकोस."

ते खाकरले. "भगिनी, तुमची कन्या पदर पसरून विनवते की लेकराला ज्या दारातून न्यायचं, ते दार आधी त्याला दाखवावं."

"तिला सांगा," आई म्हणाली, "की दार दाखवलं असतं तर ती त्या वेळी विमानात चढलीच नसती."

"आई म्हणते, तू चढली नसतीस."

"ऐकलं मी."

"तू ऐकलंस तरी मला सांगावं लागतं. मध्ये बोलू नकोस."

मी पदवीचं सांगितलं, चित्रांखालच्या शब्दांचं सांगितलं. त्यांनी ते इतक्या सुंदर भाषेत पुढे नेलं की क्षणभर मलाच माझी दया आली. आईने टेबलावरचं कापड एका बाजूने सरळ केलं.

"तिला सांगा," ती म्हणाली, "त्या वर्षी माझ्याकडे इथे राहण्याचे कागद नव्हते. एका खोलीत आम्ही सहा बायका होतो. मी कामाला जाताना तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. एक दिवस ती इतकी रडली की खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन म्हणाली, उद्या पुन्हा आवाज आला तर पोलिसांना बोलावते. पोलीस आले असते तर दोघींनाही कुठे नेलं असतं, कुणास ठाऊक. सांगा तिला, मी तिला टाकली नाही. मी तिला अशा ठिकाणी ठेवली जिथे कुलूप नव्हतं."

मावशी, हे तुला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. कागद नव्हते एवढं कळलं होतं; बंद दार आठवतं, पण त्याला बाहेरून कुलूप होतं हे कळलं नव्हतं. एल्डर हे सगळं माझ्याकडे वळून पुन्हा सांगत होते आणि मी ते दुसऱ्यांदा ऐकत होते, आणि मला ते दुसऱ्यांदा ऐकायला हवंच होतं.

तरी मी थांबले नाही. म्हटलं, "सांगा, तेव्हा तिच्याकडे कागद नव्हते. आता आहेत."

त्यांनी सांगितलं. या वेळी सजवलं नाही.

आईने कापडाची दुसरी बाजू सरळ केली.

मग मी म्हटलं, "सांगा, सात वर्षांनी मी विमानतळावर बाहेर आले. ती कठड्याशी उभी होती. मी तिला म्हणाले, गुड आफ्टरनून, आँटी."

एल्डर ग्यामफी आईकडे वळले. तोंड उघडलं. मिटलं. ग्लासात तळाशी पाणी उरलं होतं ते प्यायले. मग म्हणाले, "हे मी नाही नेणार. इतकं लांबचं माझ्याने नेववत नाही. हे तुझं तू दे."

मग मी आईकडे तोंड केलं आणि तेच वाक्य तिला सांगितलं.

ती म्हणाली, "मला वाटलं, तू दमली होतीस."

थोड्या वेळाने म्हणाली, "मेट्रोत बसून घरी येईपर्यंत मी मनाशी तेच म्हणत होते. पोर दमलीय. लांबचा प्रवास. झोपून उठली की आई म्हणेल."

दुसऱ्या दिवशी म्हणाले होते का, मला आठवत नाही. तिला आठवत असेल.

मग तिने स्वतःच डुफीला हाक मारली. डुफी दाराआडच होती, कानातले हेडफोन काढून. आईने तिला समोर उभं केलं आणि ट्वीत सांगितलं, आणि तिला पुरतं कळावं म्हणून पुन्हा डचमध्ये. मावशी, आई घरात कधी डच बोलत नाही. तिची डच मुकादमाशी बोलण्यापुरती आहे, बादली, जिना, झालं, नाही झालं. त्याच शब्दांत तिने सांगितलं की सुट्टी नव्हती. मी तुला तिथे ठेवून येणार होते. शाळेत. मला राग आला होता आणि लाजही वाटली होती.

"किती दिवस?" डुफीने विचारलं.

"ते ठरवलं नव्हतं."

डुफी माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली नाही, ना इकडे ना तिकडे. "मला नाही जायचं," ती म्हणाली.

"का? तिथे मावशी दिवसभर घरी असते. मी तर नसतेच, तूच सांगितलंस सगळ्यांना."

"तू रात्री येऊन माझं पांघरूण सरळ करतेस," डुफी म्हणाली. "मी तेव्हा झोपलेली नसते."

एल्डर ग्यामफींनी टोपी हातात फिरवली. मग ते जागेवरून उठून, जसं सभेत उठतात तसे, म्हणाले, "लेकीने सांगितलं. आईने ऐकलं?"

"ऐकलं," आई म्हणाली. "नाही जाणार ती."

आणि लगेच, "पण पोकुआला कोण सांगणार? ती खोली झाडून बसलीय." तिघांनी माझ्याकडे बघितलं. म्हणून हे पत्र.

जाताना जिन्यात मी एल्डरांना विचारलं, वर्गाचं काय? ते दोन पायऱ्या उतरले, थांबले. "प्रश्न वर्गात विचारायचे. माइक माझ्याकडे." मी म्हटलं, चालेल. "आणि पाठांतर सोडायचं नाही." मी म्हटलं, तेही चालेल. पाठांतरावर माझा राग कधीच नव्हता. पोरांना जे तोंडात घालायला सांगतो, ते त्यांना चावू द्यावं, एवढंच मी म्हणत होते.

ज्या दोन घरांत माझा दाखला देऊन मुलं पाठवायचं चाललं आहे, तिथे मी या आठवड्यात जाणार आहे. पाठवू नका असं सांगायचा मला अधिकार नाही. कुणाकडे आजही कागद नसतील, कुणाच्या दाराला आजही कुलूप असेल. पण माझं नाव घेणार असाल तर सगळं घ्या, असं मी सांगणार आहे. नुसती पदवी घेऊ नका, विमानतळही घ्या. आणि मुलाला खरं सांगा. मुलाने त्यावर प्रश्न विचारला तर तो पुरता ऐका. एल्डर ग्यामफी म्हणाले आहेत, हवं तर मी बरोबर येतो.

आता तुझ्याशी. तुला नकार देते आहे असं समजू नकोस. डुफी तुझ्याकडे येईल, आम्ही तिघी येऊ, डिसेंबरात, परतीच्या तिकिटांसकट. तू तिला पाढे म्हणायला लावशील, ती तुला भंडावून सोडेल. तिचं तुझ्याशी नातं व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण ते तिला सांगून, तिच्या मर्जीने. माझं तसं झालं नाही. तरी जे झालं ते खरं होतं, मावशी, आणि ते मी कुणाला खोडू देणार नाही, आईलाही नाही.

हे पत्र लिहीत असताना आई समोर बसली आहे. संध्याकाळची पाळी तिने आज दुसरीला दिली. प्रत्येक पान झालं की तिच्याकडे सरकवते आणि ती ओठ हलवत वाचते. मागच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य तिने बोट ठेवून दोनदा वाचलं. मी म्हटलं, खोडू का? ती म्हणाली, राहू दे.

म्हणून आज पहिल्यांदा तिच्यादेखत लिहिते,

तुझीही मुलगी,
सेरवा